घोडा थकला हे कोणी ठरवायचं?

५ एप्रिल २०२५, शनिवार. लिव्हरपूलजवळच्या एनट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल शर्यतीची दुसरी फेरी संपत आली होती. सेलेब्र दालाँ हा तेरा वर्षांचा घोडा त्या फेरीत काही काळ सगळ्यांच्या पुढे होता. बुकींनी त्याला १२५ ला १ असा भाव दिला होता, म्हणजे तो जिंकेल असं जवळपास कोणालाच वाटत नव्हतं. मग त्याचा दम सरला. शेवटून दुसरा अडथळा ओलांडल्यावर तो भराभर मागे पडू लागला. जॉकी मिहॉल नोलनने त्याला थांबवलं नाही, शेवटच्या अडथळ्यावर नेलं. घोड्याने तीही उडी मारली आणि विजयरेषेकडे जाणाऱ्या पट्ट्यात तो कोसळला. पशुवैद्य धावले, मैदानावरच उपचार झाले, आधी थोडी सुधारणाही दिसली. मंगळवारी तो गेला. शर्यतीपूर्वी नसलेला फुप्फुसांचा तीव्र जंतुसंसर्ग शवविच्छेदनात आढळला.

शर्यतीच्या दिवशीच पंचांनी चौकशी करून नोलनला दहा दिवसांची बंदी घातली. घोड्यात काही उरलेलं नाही हे दिसत असताना त्याने शर्यत चालू ठेवली, असा ठपका होता. चाबूक जास्त चालवल्याचा किंवा दुसऱ्याच्या वाटेत आल्याचा आरोप त्याच्यावर नव्हता. शिक्षा झाली ती न केलेल्या गोष्टीची. लगाम खेचायला हवा होता, तो खेचला गेला नाही.

उड्यांच्या शर्यतींतल्या घोड्यांच्या हालांविषयी ब्रिटनमध्ये गेली कित्येक वर्षं वाद चालला आहे. त्यातला बराचसा चाबकाभोवती फिरतो, कारण चाबूक दिसतो आणि त्याचे फटके मोजता येतात. मला मात्र वाटतं की जॉकीची सगळ्यात मोठी जबाबदारी चाबकात नसून थांबण्यात आहे आणि तिच्याकडे या खेळाने फार उशिरा आणि फार चाचरत पाहिलं.

आपल्याकडे रेस म्हटलं की महालक्ष्मी किंवा पुण्याचं रेसकोर्स डोळ्यांपुढे येतं. ती सपाट मैदानावरची दौड. मुंबईची इंडियन डर्बी २४०० मीटरची, ती अडीच मिनिटांत आटोपते. उड्यांची शर्यत हा निराळाच प्रकार आहे. ती मुख्यतः ब्रिटन, आयर्लंड आणि फ्रान्समध्ये रुजली. तिच्यात वाटेवर अडथळे असतात. हर्डल शर्यतीत ते कमी उंचीचे असतात, स्टीपलचेसमध्ये मोठे आणि भक्कम. ग्रँड नॅशनल ही स्टीपलचेसमधली सगळ्यात प्रसिद्ध शर्यत आहे. अंतर सुमारे सात किलोमीटर, फेऱ्या दोन, उड्या तीस. वाटेवर अडथळे सोळाच असले तरी त्यांतले चौदा दोनदा घ्यावे लागतात. 'द चेअर' हा सगळ्यात उंच अडथळा पाच फूट दोन इंचांचा आहे. जॉकी, खोगीर आणि हँडिकॅपचं, म्हणजे बलवान घोड्यावर जास्त वजन यावं म्हणून घातलेलं शिसं धरून सगळ्यात वरच्या घोड्याच्या पाठीवर ७५ किलोंच्या आसपास वजन असतं. तिसावी उडी झाल्यावरही विजयरेषा साडेचारशे मीटर दूर असते. दमलेल्या घोड्यासाठी हा पट्टा जीवघेणा लांब आहे.

शर्यत जुनी आहे. १८३९ मध्ये 'लॉटरी' नावाचा घोडा जिंकला, ती पहिली ग्रँड नॅशनल मानली जाते. त्याच दिवशी कॅप्टन बेचर घोड्यावरून ओढ्यात पडले आणि त्या अडथळ्याला कायमचं त्यांचं नाव मिळालं. 'डिक्टेटर' नावाचा घोडा त्याच दिवशी मेला, त्याचं नाव मात्र कशालाच दिलं गेलं नाही. जनावरांशी क्रूरपणे वागण्याविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटने पहिला कायदा केला तो १८२२ साली, म्हणजे या शर्यतीच्या सतरा वर्षं आधी. घोड्यावरच्या अत्याचाराची कल्पना त्या समाजाला नवी नव्हती. रस्त्यावरच्या गाडीवानाला लागू होणारा विचार रेसकोर्सवरच्या सभ्य गृहस्थांना लागू करायला मात्र फार काळ गेला.

आज ब्रिटनमध्ये घोड्यांच्या शर्यतींचा कारभार ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी पाहते. सपाट आणि उड्यांच्या शर्यती एकत्र धरल्या तर दर हजार धावांमागे साधारण दोन घोडे दगावतात. फक्त उड्यांच्या शर्यती घेतल्या तर हा आकडा दुपटीच्या घरात जातो. कोणाला तो लहान वाटेल. पण एक घोडा वर्षाला अनेकदा धावतो आणि कारकीर्द अनेक वर्षांची असते. प्रत्येक धावेचा धोका थोडा असला तरी तो साठत जातो.

घोडा दमतो तेव्हा त्याच्या शरीरात काय घडतं, हे समजल्याशिवाय जॉकीच्या जबाबदारीला अर्थ येत नाही. उभ्या, शांत घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं. भरधाव धावताना ते दोनशेच्या पार जातं. त्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा राखीव साठा असतो. धावायला लागताच प्लीहा आकुंचन पावते आणि तो साठा रक्तात सोडते. त्यामुळे घोडा माणसापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू स्नायूंपर्यंत पोहोचवू शकतो. पण घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. शिवाय भरधाव दौडीत त्याचा श्वास टापांच्या तालाला बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. म्हणजे दम लागला म्हणून माणसासारखं तोंड उघडून भराभर श्वास घ्यावेत, ही सोय त्याला नाही. ताल मोडायचा तर वेगच कमी करावा लागतो. वेग किती ठेवायचा हे बऱ्याच अंशी वर बसलेला माणूस ठरवतो.

थकवा बाहेरून दिसायच्या खूप आधी खोगिरावर कळतो. ताज्या घोड्याची लगामात ओढ असते. तो तोंडातली लगामाची कडी धरून पुढे खेचत असतो आणि जॉकीच्या हातांना ती ओढ सतत जाणवते. दम सरू लागला की ती सैल पडते. मग कान हलेनासे होतात. अडथळ्याच्या आधीची पावलं घोडा स्वतः मोजतो, एखादं लांबवतो, एखादं आखडतं घेतो. थकलेल्या घोड्याचा हा हिशेब चुकू लागतो. तो फार लांबून तरी झेप घेतो किंवा अगदी अडथळ्याला चिकटून. उडीची कमान चपटी होते, मागचे खूर अडथळ्याच्या माथ्याला घासतात. जमिनीवर उतरताना पुढचे पाय किंचित दुमडतात आणि पुन्हा वेग धरायला एक-दोन झेपा जास्त लागतात. मग तो सरळ रेषा सोडून डावी-उजवीकडे ढळू लागतो. मुरलेल्या जॉकीला यातली प्रत्येक खूण ठाऊक असते. त्याच्या कौशल्याचा निम्मा भाग याच खुणा वाचण्यात आहे.

अशा घोड्याकडून उडी मारून घेणं म्हणजे पडण्याची शक्यता वाढवणं. घोडा पडला आणि पाय मोडला, तर तो बहुधा वाचत नाही. वाचकांना नेहमी प्रश्न पडतो की माणसाचा मोडलेला पाय जुळतो, मग घोड्याचा का नाही. घोड्याच्या गुडघ्याखालच्या पायात स्नायू जवळपास नसतातच. हाड, कंडरा आणि कातडी एवढंच असतं आणि तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. हाड अनेकदा चुरा झाल्यासारखं फुटतं. त्यात पाचशे किलोंचं हे जनावर महिनोन्महिने आडवं पडून राहू शकत नाही. तीन पायांवर भार आला की चांगल्या पायाच्या खुराच्या आतले थर सुजून सुटू लागतात. अमेरिकेतला बार्बारो हा २००६ चा केंटकी डर्बी विजेता. दोन आठवड्यांनी दुसऱ्या शर्यतीत त्याचा पाय मोडला. उत्तमातल्या उत्तम शस्त्रवैद्यांनी हाड जुळवलंही. शेवटी खुरांच्या याच आजाराने जानेवारी २००७ मध्ये त्याला संपवावं लागलं. म्हणून रेसकोर्सवर पडलेल्या घोड्याभोवती हिरवे पडदे उभे राहतात आणि पशुवैद्य अनेकदा तिथेच निर्णय घेतात.

या खेळाचे पाठीराखे एक गोष्ट नेहमी सांगतात: घोड्याला धावायला आवडतं, पाहा, जॉकी पडल्यावरही तो घोळक्याबरोबर धावतच राहतो. हे खरं आहे. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे. कळप पळाला की तो पळतो, मागे पडण्याची त्याला भीती वाटते. एनट्रीला जवळपास दर वर्षी असे मोकळे घोडे दिसतात. पण त्यांच्याकडे शेवटपर्यंत नीट पाहावं. काही अंतर ते कळपाबरोबर उड्या मारतात. पुढे कोणी अडथळ्याला वळसा घालतो, कोणी वेग कमी करतो, कोणी बाजूला होऊन थांबतो. पाठीवर वजन नाही, लगामाला हात नाही, तेव्हा दमलेला घोडा आपलं आपण ठरवतो. पाठीवर माणूस असताना हे ठरवणं त्याच्याकडे राहत नाही, ते त्या माणसाकडे जातं. जॉकीच्या उत्तरदायित्वाचा पाया मला इथे दिसतो. ज्याने दुसऱ्या जिवाचा थांबण्याचा हक्क आपल्या हातात घेतला, त्याने तो त्याच्या वतीने वापरलाही पाहिजे.

आता चाबूक. २०११ ची ग्रँड नॅशनल अनेकांच्या मनातून जात नाही. त्या दिवशी ऑर्ने आणि डूनीज गेट हे दोन घोडे मेले. ते ज्या अडथळ्यांवर पडले, ते दुसऱ्या फेरीत वगळून घोड्यांना बाजूने नेण्यात आलं, तेव्हा टीव्हीवरून लाखो लोकांना ताडपत्रीखालचं दृश्य दिसलं. बॅलाब्रिग्ज जिंकला. जॉकी जेसन मॅग्वायर विजयरेषा ओलांडताच खाली उतरला, कारण घोडा तापून हैराण झाला होता. त्याच्या अंगावर पाणी ओतलं गेलं, प्राणवायू दिला गेला. नंतर चाबकाच्या अतिवापरासाठी मॅग्वायरला पाच दिवसांची बंदी झाली. विजय कायम राहिला, बक्षीसही. जगातली सगळ्यात मोठी उड्यांची शर्यत जिंकायला पाच दिवसांची रजा एवढीच किंमत पडणार असेल, तर ती कोण मोजणार नाही? नियम आणि शिक्षा यांच्यातली ही फट तेव्हापासून कोणालाही झाकता आली नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फटक्यांची ठाम मर्यादा आली. उड्यांच्या शर्यतीत आठ आणि सपाट शर्यतीत सात. नियम लागू होऊन आठवडा होत नाही तोच ॲस्कॉटच्या चॅम्पियन स्टेक्समध्ये बेल्जियन जॉकी क्रिस्तोफ सुमियोंने शेवटच्या टप्प्यात एक फटका जास्त मारला आणि विजयातला आपला पन्नास हजार पौंडांहून मोठा वाटा गमावला. गदारोळ झाला, नियम सौम्य झाले, पुढे तो वाटाही त्याला परत मिळाला. मालकाला, ट्रेनरला आणि पैसे लावणाऱ्यांना मात्र सुरुवातीपासून काहीच गमवावं लागलं नव्हतं. घोडा विजेताच होता.

२०२३ च्या सुरुवातीला ब्रिटनने ती चूक बऱ्याच अंशी सुधारली. आता उड्यांच्या शर्यतीत मर्यादा सात फटक्यांची आहे. हात खांद्याच्या वर नेता येत नाही. मोठ्या शर्यतींत शिक्षा दुप्पट होते. मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके जास्त झाले तर घोडाच बाद ठरतो. त्या फेब्रुवारीत न्यूकॅसलला लुनर डिस्कव्हरी ही घोडी जिंकूनही या नियमाने बाद ठरली. मला ही तरतूद सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिने प्रथमच मालक आणि ट्रेनर यांनाही परिणामात ओढलं. जॉकीला 'काहीही कर, पण जिंक' असं सांगणाऱ्याचा आता त्यात तोटा आहे.

चाबूक आता फोमच्या जाड आवरणाचा असतो, तो लागत नाही, त्याचा आवाज होतो आणि घोडा सावध होतो, असं जॉकी सांगतात. २०२० मध्ये सिडनी विद्यापीठातल्या पॉल मॅकग्रीव्ही आणि सहकाऱ्यांनी घोड्याच्या पुठ्ठ्यावरची आणि माणसाची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. वरच्या थराची जाडी आणि वेदना पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंची टोकं, दोन्हींत लक्षणीय फरक सापडला नाही. घोड्याची कातडी जाड, त्याला काही वाटत नाही, हा समज यानंतर टिकू नये. नॉर्वेने तर १९८२ मध्येच घोड्याला पळवण्यासाठी चाबूक वापरायला बंदी घातली आणि तिथे शर्यती बंद पडल्या नाहीत. मी स्वतः नॉर्वेच्या बाजूचा आहे. दिशा द्यायला आणि अपघात टाळायला चाबूक हाती असावा, वेग काढायला नको.

तरीही चाबकाचा प्रश्न सोपा आहे असंच मी म्हणेन. टीव्हीवरचं चित्रण मागे-पुढे करून फटके मोजता येतात. सात की आठ, खांद्याच्या वर की खाली, याचं उत्तर मिळतं. थकलेल्या घोड्याला किती लवकर थांबवायला हवं होतं, याचं उत्तर असं मोजून मिळत नाही.

पूर्वी तर पडलेल्या घोड्यावर पुन्हा चढून शर्यत पुरी करणं ही मर्दुमकी मानली जाई. २००१ ची ग्रँड नॅशनल मुसळधार पावसानंतरच्या चिखलात झाली. चाळीस घोड्यांपैकी चारच पोहोचले. रेड मरॉडर पहिला, स्मार्टी दुसरा. तिसरा ब्लोइंग विंड आणि चौथा पॅपिलॉन, या दोघांचे जॉकी होते टोनी मॅकॉय आणि रुबी वॉल्श. दोघांनीही वाटेत घोडा गमावून पुन्हा त्यावर चढून शर्यत पुरी केली होती. दोघांच्या जिद्दीचं कौतुक झालं. जानेवारी २००५ मध्ये एक्सेटरला कौटो स्टार हा तरुण घोडा शेवटून दुसऱ्या अडथळ्यावर पडला. वॉल्श पुन्हा त्यावर चढला आणि अगदी थोडक्यात दुसरा आला. नंतर घोड्याच्या मागच्या पायाच्या सांध्यात हाडाला चीर गेल्याचं निष्पन्न झालं. त्या चिरेसह तो धावला होता, उडीही मारली होती. पुढे हाच कौटो स्टार दोनदा चेल्टनहॅम गोल्ड कप आणि पाच वेळा किंग जॉर्ज या अव्वल शर्यती जिंकला. एक्सेटरच्या त्या दुपारी त्याचं सगळं आयुष्य मातीत जाऊ शकत होतं. २००९ मध्ये ब्रिटनने पडल्यानंतर पुन्हा चढण्यावर बंदी घातली. पडलेल्या घोड्याला काय झालंय हे चढणाऱ्याला कळू शकत नाही, एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला १७० वर्षं लागली.

थकलेल्या घोड्याबाबत असा स्वच्छ नियम करता येत नाही, हे २०१९ मध्ये दिसलं. चेल्टनहॅमच्या महोत्सवातली नॅशनल हंट चेस ही त्या वेळी हौशी जॉकींची, जवळपास चार मैलांची शर्यत होती. ओल्या मैदानावर अठरापैकी चारच घोडे पोहोचले आणि बॅलीवर्ड हा घोडा पडून मेला. पंचांनी थकलेले घोडे पुढे रेटल्याबद्दल तीन जॉकींना बंदी घातली. त्यांतला डेक्लन लेव्हरी तिसरा आला होता, त्याला दहा दिवसांची बंदी मिळाली. जॉकींच्या जगातून संताप उसळला. तिसऱ्या क्रमांकावर असलेला घोडा कोण थांबवतो? लेव्हरीने अपील केलं आणि ते जिंकलं, बंदी रद्द झाली. जेरीजबॅक हा त्याचा घोडा थकला होता, पण थांबवायलाच हवं इतका थकला होता हे सिद्ध झालं नाही.

या निकालावरून पंचांना नावं ठेवणं सोपं आहे. माझ्या मते त्यांनी योग्य प्रश्न विचारला होता. अडचण अशी की त्याच नियमपुस्तकात दुसरा एक नियम आहे. प्रत्येक जॉकीने आपल्या घोड्याला शक्य तितका वरचा क्रमांक मिळवून देण्यासाठी सगळे वाजवी प्रयत्न केले पाहिजेत. हा नियम सट्ट्याच्या प्रामाणिकपणासाठी आहे आणि तो आवश्यकच आहे, नाहीतर कोणीही घोडा मुद्दाम मागे ठेवेल. तेव्हा शेवटच्या अडथळ्याकडे येणाऱ्या जॉकीच्या एका खांद्यावर 'प्रयत्न सोडलास तर शिक्षा' आणि दुसऱ्या खांद्यावर 'प्रयत्न चालू ठेवलास तर शिक्षा' असा भार असतो. ग्रँड नॅशनलचं एकूण बक्षीस दहा लाख पौंडांचं आहे आणि ते फक्त पहिल्यालाच मिळतं असं नाही. पाचवा, सहावा घोडाही मालकाला काही मिळवून देतो. पुढच्या रविवारी कोणता घोडा मिळेल, हे आज ट्रेनर खूश आहे की नाही यावर ठरतं. निर्णयाला वेळ किती? दोन-तीन सेकंद.

जॉकीही या शर्यतीत जीव मुठीत घेऊनच उतरतो, हे विसरून त्याच्यावर आरोप करू नयेत. सेलेब्र दालाँ कोसळला त्याच्या दोनच महिने आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, आयर्लंडच्या थर्ल्स रेसकोर्सवर पडून चोवीस वर्षांचा मायकेल ओसलिव्हन गेला. त्याने दोन वर्षांपूर्वीच चेल्टनहॅममध्ये मोठं यश मिळवलं होतं. पडणाऱ्या घोड्याबरोबर माणूसही पडतो. थकलेला घोडा वेळेवर थांबवणं हे जॉकीच्या स्वतःच्या जिवाचंही काम आहे.

मैदान सुधारण्याच्या बाबतीत मात्र या खेळाने खूप केलं, त्याचं श्रेय दिलं पाहिजे. २०१२ मध्ये गोल्ड कप विजेता सिंक्रोनाइज्ड आणि अकॉर्डिंग टू पीट हे दोघं ग्रँड नॅशनलमध्ये मेले. त्यानंतर अडथळ्यांच्या पोटातला लाकडी सांगाडा काढून लवचीक प्लास्टिक घातलं गेलं. २०१३ ते २०१८ या सहा वर्षांत त्या शर्यतीत एकही घोडा मेला नाही. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की घोड्याला आपल्यासारखे तीन नव्हे, दोनच मूळ रंग दिसतात. अडथळ्यांवरच्या नारिंगी फळ्या त्याला हिरवळीत मिसळून जाणाऱ्या भासतात. म्हणजे माणसाच्या डोळ्याला ठळक वाटणारा रंग घोड्याला दिसतच नव्हता. २०२२ पासून त्या फळ्या पांढऱ्या करायला सुरुवात झाली. २०२३ मध्ये प्राणिहक्क कार्यकर्ते मैदानात घुसले, शर्यत लांबली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन मेला. त्यानंतर घोड्यांची संख्या चाळीसवरून चौतीसवर आणली गेली आणि पहिला अडथळा प्रारंभरेषेच्या जवळ घेतला गेला, म्हणजे घोडे तिथे फार वेगात पोहोचणार नाहीत. २०२४ मध्ये एकही घोडा कोसळला नाही, सगळे सुखरूप परतले. पुढच्याच वर्षी सेलेब्र दालाँ गेला, तोही अडथळ्यावर नाही तर सपाट हिरवळीवर. माती, प्लास्टिक आणि रंग बदलून जे होण्यासारखं होतं ते बरंच झालं. उरलं ते खोगिरावरचं माणूसपण.

काहींनी वेगळा मार्ग निवडला. दक्षिण ऑस्ट्रेलियाने २०२२ मध्ये उड्यांच्या शर्यती कायद्यानेच बंद केल्या. त्या देशात त्या आता फक्त व्हिक्टोरियात होतात. ब्रिटनमध्येही ही मागणी आहे आणि ती करणाऱ्यांना वेडं ठरवणं मला पटत नाही. थांबवण्याला हा खेळ किंमत देऊ शकला नाही, तर त्या मागणीला उत्तर देणं अवघड होत जाईल.

घोड्यांच्याच दुसऱ्या खेळांनी काही वाटा काढल्या आहेत. लांब पल्ल्याच्या एन्ड्युरन्स स्पर्धेत ठरावीक अंतरानंतर पशुवैद्यांची तपासणी असते. हृदयाचे ठोके दिलेल्या वेळेत ६४ पर्यंत उतरले नाहीत तर घोडा स्पर्धेबाहेर जातो. तिथे मालकाची, स्वाराची आणि प्रेक्षकांची इच्छा विचारात येत नाही. इव्हेंटिंगच्या क्रॉसकंट्रीत थकलेला घोडा रेटणाऱ्या स्वाराला पंच मैदानावरच थांबवू शकतात. ग्रँड नॅशनलमध्ये चौतीस घोडे एकत्र धावत असताना मध्येच कोणाची नाडी पाहता येत नाही आणि बाहेरून एकालाच थांबवणं अवघड असतं. म्हणून तिथे निर्णय जॉकीवरच येतो आणि तो घेणाऱ्याला मागून आधार लागतो.

हा आधार कुठून सुरू करता येईल याचं माझं उत्तर कागदावरचं आहे. ब्रिटिश शर्यतींच्या छापील माहितीत प्रत्येक घोड्याच्या नावाआधी त्याच्या मागच्या धावांचे निकाल एका ओळीत असतात. क्रमांकासाठी आकडा, पडला तर 'एफ', जॉकी खाली आला तर 'यू', थांबवला तर 'पी'. सट्टा लावणारा ही ओळ वाचतो, घोडा विकत घेणारा वाचतो, जॉकी निवडणारा ट्रेनरही वाचतो. सेलेब्र दालाँला शेवटच्या अडथळ्याआधी थांबवलं असतं तर त्याच्या नावाआधी एक 'पी' लागला असता आणि पाहणाऱ्याने ते अपयश म्हणून वाचलं असतं. थकव्यामुळे वेळेवर थांबवलेल्या घोड्यासाठी वेगळी खूण असावी, पंचांनी चित्रण पाहून ती द्यावी आणि ज्या शर्यतींत बक्षीस खालच्या क्रमांकांपर्यंत जातं तिथे अशा घोड्याच्या जॉकीची त्या दिवसाची मिळकत बुडू नये. दहा दिवसांच्या बंदीची भीती जिथे पोहोचत नाही, तिथे या दोन गोष्टी पोहोचू शकतात, कारण जॉकीला त्या शर्यत सुरू होण्याआधीच ठाऊक असतील.